आपली लिफ्ट सुरळीत आहे

लिफ्टने एक गचका दिला आणि ती थांबली. गचका म्हणावा तर मोठा नव्हता, जेवताना उचकी लागावी एवढाच. पण हातातली पिशवी भिंतीवर आपटली, तिच्यातला चष्म्याचा डबा खुळखुळला, डोक्यावरचा दिवा मिचकावला आणि मग आजारी माणसासारखा अर्ध्या डोळ्याने पेटत राहिला. बाईंनी दाराकडे पाहिलं. दाराला खालच्या बाजूला हातभर उंचीची काचेची पट्टी होती. रोज खाली उतरताना त्या पट्टीतून मजले वर सरकताना दिसायचे, कुणाच्या दारापुढच्या चपला, कुणाची सायकल, कुणाची सुकत चाललेली कुंडी. आता तिथे नुसती भिंत होती. दोन मजल्यांच्या मधली, कुणी कधी रंग न दिलेली, खरबरीत. अर्धा जन्म या इमारतीत गेला, तिची वीट न् वीट आपल्या ओळखीची असं बाई मानत आल्या होत्या, आणि ही एवढी मोठी भिंत इतकी वर्षं तिने पोटात दडवून ठेवली होती. बाईंना पहिल्यांदा भीती वाटली नाही, रागच आला. तळमजल्यावर त्यांची कचेरी, सगळ्यात वर त्यांचं घर, आणि मधे ही लिफ्ट. शहरातल्या निम्म्या लिफ्टा ज्यांची माणसं दुरुस्त करतात त्या बाई स्वतःच्या लिफ्टमध्ये अडकल्या, हे बाहेर फुटलं असतं तर लोकांनी वर्षभर चघळलं असतं. आणि नेमकं आज फुटून चालणार नव्हतं. आज खाली पाहुणे बसले होते.

दाराशेजारी, जिथे पूर्वी पितळेचं घंटेचं बटण होतं, तिथे आता तळहाताएवढा काळा डबा बसवला होता. त्याला एक लाल बटण आणि वर छोटासा पडदा. घंटेची तार कापून टाकली होती. दोन-दोन घंट्या हव्यात कशाला, असं बाईच म्हणाल्या होत्या. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर गोल गोल काहीतरी फिरलं आणि हिरवी अक्षरं उमटली. बाईंनी चष्मा काढला, लावला, आणि अक्षराला अक्षर जोडत, ओठ हलवत वाचलं. आपली विनंती यशस्वी झाली आहे. आपली लिफ्ट सुरळीत आहे. धन्यवाद.

त्यांना वाटलं, आपणच चुकीचं वाचलं. शाळा त्यांची चौथीतच सुटली, अक्षरं अजूनही त्यांच्याशी परक्यासारखी वागायची, घाई केली की दगा द्यायची. म्हणून त्यांनी पुन्हा बटण दाबलं, पुन्हा वाचलं. सुरळीत. धन्यवाद. भिंतीकडे पाहिलं, भिंत जागची हलली नव्हती.

डबा सुनेचा होता. म्हणजे डबा बाजारातला, पण त्याच्या आत कोणी कोणाला काय विचारायचं आणि त्याने काय उत्तर द्यायचं, हे सगळं सुनेनं लिहिलेलं. मोठ्या मुलाची बायको. कानामागून आली आणि तिखट झाली, असं बाई तिच्याबद्दल तिच्यासमोरच म्हणत, आणि ती मान वर न करता म्हणे, तिखटाशिवाय तुम्हाला जेवण तरी जातं का, आई. दिवसभर कचेरीच्या कोपऱ्यात पडद्यापुढे बसून असायची. एकदा बाईंनी विचारलं होतं, हे तुझं एपीआय एपीआय म्हणजे आहे तरी काय. तर म्हणाली, रिवाज आहे. दोन यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचा रिवाज. जेवणाच्या टेबलावर तिने वाट्या मांडून दाखवलं. ही वाटी म्हणजे लिफ्टमधला डबा, ही मधली म्हणजे आपलं काम, ही पलीकडची म्हणजे लिफ्टचं स्वतःचं यंत्र. डबा विचारतो, मधला पलीकडच्याला विचारतो, उत्तर घेऊन येतो. अडचण अशी की पलीकडचे सगळे वेगवेगळ्या घरचे. एका बनावटीची लिफ्ट शून्य म्हणते म्हणजे ठीक, दुसरीचं शून्य म्हणजे मेली; तिसरी पानभर बडबडते; आणि आपली ही म्हातारी तर बिघडली की तोंडच उघडत नाही. मग मधल्याने काय करायचं? तर सगळ्यांचं ऐकून घ्यायचं, पण उत्तर एकाच साच्यात द्यायचं. झालं की नाही झालं. नसेल झालं तर काय बिघडलं. आणि आता कुणी काय करायचं. कुठलीही लिफ्ट असो, कुठलाही प्रश्न असो, उत्तराचा साचा मोडायचा नाही, म्हणजे ऐकणाऱ्याला दरवेळी नव्याने कोडं सोडवावं लागत नाही. आणि पाकिटावर एक आकडा असतो, ती सांगत होती, दोनशे म्हणजे काम फत्ते. काही शहाणे पाकिटावर दोनशे लिहितात आणि आतल्या चिठ्ठीत लिहितात, माणूस अडकलाय. पाकीट बघूनच लोक निजतात, चिठ्ठी कोण उघडतो? तसं आपण नाही करायचं. चारशेचे आकडे म्हणजे विचारणाऱ्याची चूक, त्याने प्रश्नच धड विचारला नाही. पाचशेचे म्हणजे आमची चूक, प्रश्न बरोबर होता, आमच्याच घरात काहीतरी मोडलंय.

तेव्हा बाई हसल्या होत्या. आपली चूक आपणच चव्हाट्यावर मांडायची, आणि वर तिला आकडा द्यायचा, हे कुठलं शहाणपण? त्यावर सुनेनं वाट्या गोळा करता करता म्हटलं होतं, "तुम्हाला ते विचित्रच वाटणार, आई. या घरात आजवर सगळ्या चुका चारशेच्याच झाल्यात." मोठा जोरात हसला आणि बाईंकडे पाहून मधेच थांबला. बाईंनी उत्तर दिलं नव्हतं. असं सहसा होत नसे. त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला की समोरचा जिना उतरून जाईपर्यंत थांबायचा नाही. पण त्या दिवशी आकड्यांतलं काही कळलं नाही असं दाखवणं त्यांना सोयीचं वाटलं, कळलं मात्र सगळं होतं.

त्यांनी तिसऱ्यांदा बटण दाबलं. सुरळीत. आता मात्र या हिरव्या अक्षरांचा उगम त्यांना आठवला. पाहुणे म्हणजे मोठी मंडळी. शहराच्या नव्या भागातल्या उंच उंच इमारती सांभाळणारे. त्यांना सगळ्या लिफ्टांवर एका जागी बसून नजर ठेवणारं काहीतरी हवं होतं. काम मिळालं तर घराचं रूप पालटणार होतं, नाही मिळालं तर मोठ्याच्या म्हणण्याप्रमाणे आपण पाने-पकडी आणि तेलाच्या कुप्या घेऊन जिने चढत मरणार होतो. आठवडाभर तो घरात आणि कचेरीत एकच घोकत होता, पाहुण्यांपुढचा पडदा हिरवा दिसला पाहिजे. आणि ही म्हातारी लिफ्ट मधूनमधून गप्प बसायची. ती गप्प बसली की सुनेच्या साच्यातून उत्तर यायचं, 'माहीत नाही', पडदा पिवळा व्हायचा, आणि तरीही बोलली नाही तर लाल. मोठा म्हणाला, गप्प बसली म्हणजे बिघडली असं थोडंच, गप्प बसली तर सुरळीत धर. सून म्हणाली, मुळीच नाही. गप्प राहणं हे गप्प राहणं आहे, ते हो नाही. मला माहीत नाही, असं म्हणायला साच्यात जागा पाहिजेच; ती काढलीत तर हा डबा लावून फायदा काय, त्यापेक्षा भिंतीवर हिरवा रंग द्या. नवरा-बायकोची अशी जुंपली की स्वयंपाकघरातली भांडी आपोआप गप्प झाली. शेवटी दोघंही बाईंकडे आले, कारण त्या घरात भांडण कुठूनही निघालं तरी निकालाला बाईंकडेच यायचं. आणि बाईंनी निकाल दिला. झाकली मूठ सव्वा लाखाची. पाहुणे येऊन जाईपर्यंत हिरवंच राहू दे. सुनेनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, बरं म्हणाली, आणि जाऊन कुठेतरी एक ओळ बदलली. तिचं ते बरं बाईंच्या कानाला खटकलं होतं. त्या घरातली बाकीची माणसं बरं म्हणत तेव्हा ते दार लोटल्यासारखं वाटायचं; हिने कडी लावली होती.

हवा कोंदट होऊ लागली. बाईंनी पिशवी खाली ठेवली, मग उचलली, मग पुन्हा ठेवली. ओरडायचं का? भिंतीवर चपलेनं ठोकलं असतं तरी कोणत्या ना कोणत्या मजल्यावरचं कुणीतरी आलं असतं. आलं असतं, आणि जिन्यावर उभं राहून हाका मारल्या असत्या, अहो, बाई अडकल्यात, बाई अडकल्यात. मिस्त्री धावले असते, त्यांच्या मिशांमधे हसू दाटलं असतं. छे. बाईंनी ओरडून आजवर दुसऱ्यांना बोलावलं होतं, स्वतःसाठी नाही. आपल्याला शोधत कुणी ना कुणी येईलच, त्या मनाशी म्हणाल्या, खाली माझी वाट बघत असतील. आणि त्या विचाराच्या पायाखालची फळी सरकली. खरंच बघत असतील? सकाळी मोठा म्हणाला होता, आई, तुला बरं वाटत नसेल तर नको उतरूस, आम्ही निभावून नेऊ. तेव्हा त्यांना पोराची माया वाटली होती. आता त्या अर्ध्या उजेडात त्याचं तोंड पुन्हा पाहिलं तर त्यावर माया नव्हती, नवस होता. आई पाहुण्यांना काहीतरी बोलून बसेल, तिचं तोंड, बाबा रे, तिचं तोंड. म्हणजे आता खाली त्यांची खुर्ची रिकामी होती आणि सगळ्यांना ती तशीच बरी वाटत होती. पडद्यावर हिरवं, खुर्चीत कुणी नाही. सगळं सुरळीत.

त्या हिरव्याचं मूळ कुठे आहे, ते बाई शोधू लागल्या. काहीतरी करायला हवं म्हणून, जसं कुणी अंधारात बसून जपमाळ ओढावी तसं. पान्या. त्यांचा सगळ्यात जुना मिस्त्री, हातात सदा पाना म्हणून पान्या. तो एका कानाने ठार बहिरा झाला आहे हे सबंध कचेरीला ठाऊक होतं, एकट्या बाईंना नव्हतं. बाई काम सांगायच्या, पान्या हो बाई म्हणायचा. एकदा भलत्याच इमारतीची लिफ्ट उघडून बसला, ज्या लिफ्टला काही झालंच नव्हतं, आणि तिथल्या लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा उलगडलं. का नाही सांगितलंस रे मेल्या, असं बाईंनी विचारल्यावर तो पानाच चाचपत राहिला. का नाही सांगितलं, ते बाईंना तेव्हा कळलं नव्हतं. कळायचं त्यांनी टाळलं होतं. कारण त्याच्याच शेजारी कधीकाळी एक नवा मिस्त्री उभा होता, नाव देखील आता आठवत नाही, त्याने भर कचेरीत म्हटलं होतं, बाई, हे मला जमेल असं वाटत नाही. आणि बाईंनी म्हटलं होतं, जमत नसेल तर घरी जाऊन पाळणा हलव. सगळे हसले. तो गेला, परत आला नाही. त्या दिवसापासून त्या कचेरीत कुणाला काही जमलं नाही असं झालंच नाही. किती अभिमान होता बाईंना त्या गोष्टीचा. आमच्याकडे नाही हा शब्दच नाही, असं त्या लोकांना सांगायच्या.

आणि धाकटा. तो दूरच्या शहरात, फोनवर दर खेपेला मजेत आहे आई. काय जेवलास? मजेत. ती कशी आहे? मजेत. त्याचं लग्न मोडून किती काळ लोटला होता, बायको कधीची निघून गेली होती, हे बाईंना कुणा परक्या बाईने कुणाच्या तरी बारशात, तुम्हाला माहीत असेलच म्हणून सांगितलं. बाईंनी मान हलवली होती, माहीत आहे तर. घरी येऊन त्यांनी धाकट्याला फोन लावला आणि विचारलं, कसा आहेस, आणि तो म्हणाला, मजेत. आणि त्या म्हणाल्या, ठीक. त्याने सांगितलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या हे त्यालाही ठाऊक होतं, त्यांनाही. तुझंच काहीतरी चुकलं असणार. चारशे. सुनेचा तो आकडा बाईंच्या डोक्यात खिळ्यासारखा बसला होता. पोरानं आपल्याला उत्तर दिलं नव्हतं, आपल्या तोंडाच्या भीतीनं पाकीट तेवढं पाठवलं होतं, दर आठवड्याला एक, हिरवंगार.

पण सगळा दोष आपल्या तोंडावर ढकलायलाही त्या तयार नव्हत्या. तोंड काय जन्मतः असं होतं? नवरा गेला तेव्हा त्याच्या कचेरीत पहिल्यांदा पाऊल ठेवलं, त्या वेळी एक इमारत बांधणारा आला होता, नकाशा पसरून काहीतरी सांगत होता, आणि बाई म्हणाल्या होत्या, हे मला नाही कळलं. साधं, सरळ, जसं घरी बोलतात तसं. त्यांच्या नवऱ्याला असं बोललेलं चालायचं. तो स्वतः कामावरून आला की उंबऱ्यातच सांगायचा, आज हात चुकला, आणि मग हातपाय धुवायचा. तसाच रिवाज बाहेरही असेल असं त्यांना वाटलं होतं. तो माणूस बाईंकडे बघून हसला, आणि नकाशा शेजारी उभ्या असलेल्या पान्याकडे वळवून त्याला समजावू लागला. पान्याला. त्या दिवशी बाईंनी ठरवलं, पुन्हा या तोंडातून नाही कळलं निघणार नाही. मग पाठ केलेल्या शब्दांनी, चढवलेल्या आवाजाने, समोरच्याला बोलू न देता त्यांनी सगळं सांभाळलं, वाढवलं, पोरांना शिकवलं, इमारत उभी केली. कुणी म्हणेल ते खोटं होतं. म्हणू दे. त्या वेळी खरं बोलणाऱ्या बाईला कुणी खुर्ची दिली असती? त्याची त्यांना आजही लाज नव्हती. पण ती हिरवी अक्षरं त्या तोंडावर इतकी वर्षं लागून राहिली होती की ती काढली तर खाली कातडी उरली आहे की नाही, हे आता त्यांना सांगता आलं नसतं.

गुडघा ठणकू लागला. बाईंनी इकडे तिकडे पाहिलं, जणू कुणी बघतंय, आणि भिंतीला पाठ घासत लिफ्टच्या जमिनीवर बसल्या. जमीन गार होती, तेलाचा वास येत होता. दिवा आणखी मंदावला. आणि तेव्हा ती आली, भीती. ही दोरी किती जुनी? हिची तपासणी झाली का, असं त्यांनीच विचारलं होतं आणि कुणीतरी हो बाई म्हणालं होतं. कोण म्हणालं होतं? कुठल्या हो वर आपण आत्ता लोंबतोय? त्यांनी हात वर करून बटण दाबलं. सुरळीत. पुन्हा दाबलं. धन्यवाद. कसले धन्यवाद देतोस रे मुडद्या, त्या डब्याला म्हणाल्या, मी इथे बसलेय, जिवंत, दिसत नाही? त्या दाबत राहिल्या. आता उत्तरासाठी नव्हे. भांडणाऱ्या माणसानं समोरचा ऐकत नाही हे कळूनही तेच तेच म्हणत राहावं, तसं. तू हो म्हणत राहा, मी विचारत राहते. बघू कोण दमतं ते.

दार वरच्या बाजूला खरडलं. मग सुनेचा आवाज आला, धावत जिने चढल्यामुळे तुटका.

"आई, तुम्हीच आहात ना आत?"

"नाही, भूत आहे," बाई म्हणाल्या. आवाज जरा कापला, म्हणून त्यांनी खाकरून तेच पुन्हा म्हटलं.

सून बोलत होती, कुणाला तरी किल्ली आण म्हणत होती, मधेच बाईंना सांगत होती. खाली सगळे हिरव्या पडद्यासमोर बसले होते, मोठा बोलत होता, पण तिच्या कोपऱ्यात डब्याकडून येणारा प्रत्येक प्रश्न दिसत असतो. एकाच डब्यातून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागला. उत्तर दरवेळी सुरळीत. ती म्हणाली, धडधाकट लिफ्टमधून कुणी इतक्यांदा मदत मागत नाही. मग पान्या आला, किल्ली फिरली, मजल्याचं दार सरकलं, आतलं दार त्याने पाना घालून उघडलं, आणि वरच्या अर्ध्या भागातून लख्ख उजेड आत पडला. बाईंच्या डोक्याच्या उंचीवर मजल्याची फरशी होती. आधी पान्याची पावलं दिसली, मग सुनेनं सरळ फरशीवर पालथं पडून फटीतून तोंड आत घातलं. तिचे केस सुटले होते. असं लोळण घेतलेलं तिला बाईंनी कधी पाहिलं नव्हतं; चेहरा उलटा, भेदरलेला, आणि कसा कोण जाणे, अगदी घरचा.

तेवढ्यात मोठा पोचला. त्याचे बूट आधी, मग वाकून त्याचा टाय, मग तोंड. तो कुजबुजत होता. पाहुणे खालीच आहेत, चहा घेताहेत, कुणाला काही कळलेलं नाही. पान्या हात देईल, चटकन वर ये, मागच्या जिन्यानं घरी जा आणि पड जरा. मग त्याने विचारलं,

"आई, तू ठीक आहेस ना?"

हो बाईंच्या ओठांवर तयारच होतं. ते त्यांना बोलावंही लागलं नसतं, आपोआप बाहेर पडलं असतं, जसं इतकी वर्षं पडत आलं होतं. त्यांनी ते जिभेवर धरून ठेवलं. मग गिळलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. लिफ्ट बंद पडलीय. मी आत अडकलेय. गुडघा सुजलाय, आणि मला भीती वाटली. खाली पडदा काय म्हणतोय?"

फरशीवरून सून म्हणाली, "हिरवा आहे."

"मग तो खरं बोलेपर्यंत मी इथून हलत नाही."

पान्याचा पुढे आलेला हात हवेत राहिला. मोठ्यानं आधी समजावलं, मग हात जोडले, मग त्याचा आवाज चढला. काम हातचं जाईल, वर्षभर जिवाचं रान केलंय, ऐन वेळी लाल झालं तर ही माणसं उठून जातील आणि पुन्हा या दारात पाऊल ठेवणार नाहीत. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. तेही नवीनच होतं.

"आई, अगं, काल तूच म्हणालीस ना, हिरवं राहू दे म्हणून?"

"काल मी बाहेर होते," बाई म्हणाल्या. "आणि हे बघ, पाहुण्यांना सांग, मालकीण लिफ्टमध्ये अडकलीय. पाहायची असेल तर जिन्याने या, लिफ्ट बंद आहे."

सून उठली. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, परवानगी विचारली नाही. तिच्या चपला जिन्यावरून खाली खाली वाजत गेल्या, ती बदललेली ओळ पुसायला, खरं काय ते लिहायला आणि पाहुण्यांना सांगायला. मोठा कपाळाला हात लावून भिंतीला टेकला. पान्याने विचारलं, बाई, पाणी देऊ का, आणि त्या म्हणाल्या, दे. बाटली फटीतून आत आली. बाईंनी पाणी प्यायलं, उरलेलं तोंडावर मारलं, केस सारखे केले नाहीत. गार जमिनीवर पाय लांब करून, सगळ्यांना दिसेल अशा त्या बसून राहिल्या.

खालून पावलं आली, बरीच. अनोळखी बूट फरशीच्या काठाशी येऊन ओळीने थांबले, बाईंच्या डोळ्यांसमोर. चकचकीत, नाडीचे, एक टोकदार टाचेचा. वर कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. कुणी वाकलं नाही. आणि तेव्हा डब्याचा पडदा अंधारला, गोल गोल फिरला, आणि त्याच्यावर लाल अक्षरं आली. बाईंनी चष्मा पुसला. घाई केली नाही. बूट थांबून राहिले आणि त्यांनी अक्षराला अक्षर जोडत, शाळेत उभं करून वाचायला सांगितल्यासारखं, मोठ्याने वाचलं, "लिफ्ट बंद आहे. दोन मजल्यांच्या मधे थांबली आहे. आत माणूस आहे. मिस्त्री पोचला आहे. दाराला टेकू नका." जिथे अडखळल्या तिथे मागे जाऊन पुन्हा वाचलं. कुणी मदत केली नाही, त्यांनी मागितलीही नाही.

सगळ्यात पुढच्या बुटांनी मोठ्याला विचारलं, "हे असं आमच्या लोकांना दिसणार? दर वेळी?"

"मला विचारा," खालून बाई म्हणाल्या. "अडकले तर दिसणार. नाही अडकले तर नाही."

बूट गप्प राहिले. त्यातला एक मागे सरकला, टोकदार टाच जागच्या जागी फिरली, आणि पुढचे तसेच उभे. बाईंनी त्या गप्पपणाकडे नीट पाहिलं. तो हो नव्हता. नाहीही नव्हता. आणि त्याला उगाच काहीतरी समजून घ्यायला त्या आता तयार नव्हत्या.

"विचार करून सांगा," त्या म्हणाल्या. "पण सांगा."

मग त्यांनी पान्याला हात दिला.